पिस्तुलाचे ओझे कोणाच्या कमरेला?

अमेरिकेतील टेक्सास किंवा फ्लॉरिडा राज्यातला एखादा मध्यमवर्गीय गृहस्थ सकाळी कामावर निघताना पैशाचे पाकीट, मोटारीची किल्ली आणि मोबाईल यांच्या जोडीला आणखी एक वस्तू अंगावर चढवितो. पँटच्या पट्ट्याच्या आत, उजव्या कमरेला, शर्टाखाली झाकून जाईल असे ते एक लहानसे पिस्तूल असते. हा गृहस्थ पोलीस नसतो, सैनिक नसतो, की रोकड घेऊन हिंडणारा सराफही नसतो. तो कुठे हिशेबनीस असतो, कुठे औषधांच्या दुकानातला विक्रेता असतो, तर कुठे निवृत्त शिक्षक असतो. ते पिस्तूल दिवसभरात एकदाही बाहेर काढण्याचा प्रसंग येणार नाही हे त्याला ठाऊक असते. बहुधा जन्मभरातही तो येणार नसतो. तरीही ते घरी राहिले तर दिवसभर चुकल्याचुकल्यासारखे वाटावे, इतकी त्याला त्याची सवय झालेली असते.

अशा पिस्तूलधारकांचा अनुभव काय आहे, हा प्रश्न वाटतो तितका परका किंवा केवळ शस्त्रप्रेमी मंडळींच्या कुतूहलाचा नाही. संरक्षण ही गोष्ट बाजारात विकत घेता येते का, आणि घेता आली तर तिची किंमत नेमकी कोण मोजतो, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. आणि तो कोणत्याही समाजाला केव्हा ना केव्हा पडल्यावाचून राहत नाही.

जुनी लाज, नवा हक्क

शस्त्र लपवून बाळगणे हा अमेरिकी परंपरेचाच भाग आहे, असा समज सर्वत्र रूढ आहे. इतिहास मात्र थोडे निराळे सांगतो. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ सालीच लपविलेल्या शस्त्रांवर बंदी घालणारे कायदे केले होते. उघडपणे कमरेला लटकविलेले शस्त्र हे सरळ माणसाचे, आणि अंगरख्याखाली दडविलेले शस्त्र हे दगाबाजाचे, अशीच त्या काळची लोकभावना होती. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर याने तळहातात मावेल असे एकबारी पिस्तूल तयार केले, आणि १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्यावर जॉन विल्क्स बूथ याने गोळी झाडली ती याच जातीच्या पिस्तुलातून. खिशातल्या पिस्तुलाविषयी सभ्य समाजाला वाटणारा तिटकारा यानंतर वाढला असल्यास नवल नाही. न्यूयॉर्क राज्याने तर १९११ सालच्या सलिव्हन कायद्याने अशा शस्त्रासाठी परवाना सक्तीचा केला, आणि पुढे जो अर्जदार खास कारण दाखवील त्यालाच तो मिळावा असा दंडक तेथे रुजला.

हे वारे फिरले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. फ्लॉरिडाने १९८७ मध्ये कायदा करून, ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या नागरिकाला परवाना नाकारण्याची अधिकाऱ्यांची मुभा काढून घेतली. पुढील पंचवीस वर्षांत एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली. २०१३ मध्ये इलिनॉयने कायदा केला तेव्हा अशी परवानगी मुळीच न देणारे एकही राज्य उरले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये घरात आत्मरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला, आणि जून २०२२ मध्ये तो हक्क घराच्या उंबरठ्याबाहेरही नेऊन न्यूयॉर्कची खास कारणाची अट रद्द ठरविली. २०२४ सालापर्यंत तर २९ राज्यांत परवान्याचीही गरज उरली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी ज्याची लाज वाटत होती, तोच आता नागरिकत्वाचा हक्क ठरला.

बाजाराने केलेली सोय

कायदा बदलला तसा मालही बदलला. अमेरिकी सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले आणि १९८५ पर्यंत वापरलेले कोल्टचे पोलादी पिस्तूल सुमारे ११०० ग्रॅम वजनाचे होते. ते कमरेला बांधून हिशेबाच्या वह्या लिहीत बसणे कोणालाही जड जावे. ऑस्ट्रियातील गॅस्टन ग्लॉक या कारखानदाराने पडद्यांच्या दांड्या बनविता बनविता पिस्तुलाकडे मोर्चा वळविला. त्याचे प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे पिस्तूल १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने पसंत केले आणि शस्त्राचे वजन एकदम खाली आले.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने मोठ्या प्रमाणावरील हत्या रोखण्याच्या हेतूने नव्या मॅगेझिनमध्ये दहांहून अधिक गोळ्या असू नयेत, असा निर्बंध घातला. कारखानदारांनी विचार केला की, गोळ्या जर दहाच ठेवावयाच्या, तर त्यांच्यासाठी एवढी लांबरुंद मूठ हवी कशाला? दुसऱ्याच वर्षी ग्लॉकने आखूड मुठीचे, खास लपविण्याजोगे पिस्तूल बाजारात आणले. निर्बंधाची मुदत २००४ मध्ये संपली, परंतु लहान पिस्तुलाची चटक काही सुटली नाही. २०१८ मध्ये सिग सॉअर या कंपनीचे पी-३६५ हे पिस्तूल आले. त्याची लांबी सहा इंचांहून कमी, जाडी जेमतेम एक इंच, रिकाम्या पिस्तुलाचे वजन सुमारे ५०० ग्रॅम. आणि तरीही त्यात सैनिकी पिस्तुलांतलीच नऊ मिलिमीटरची दहा काडतुसे मावत होती. पाठोपाठ प्रत्येक प्रतिस्पर्धी कंपनीने आपापला नमुना काढला. हिंसा आटोक्यात आणण्यासाठी केलेल्या कायद्याने शस्त्र खिशात घालण्याच्या कलेला असा हातभार लावला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवे काही नाही. निर्बंध एका अंगाने दाबला की मागणी दुसऱ्या अंगाने वाट काढते.

मालकाचे अनुभव

एखाद्याला वाटेल की, असे पिस्तूल बाळगणारे लोक एकत्र जमले म्हणजे चोर-दरोडेखोरांच्या गोष्टी रंगत असतील. प्रत्यक्षात त्यांचे बोलणे फिरत असते ते वजन, घाम आणि कपडे यांच्याभोवती. पिस्तूल कमरेला खोचावयाचे म्हणजे पँट एक-दोन इंच सैल घ्यावी लागते. साधा पट्टा वजनाने ओघळतो म्हणून जाड, ताठ पट्टा हवा. शर्ट अंगाबरोबर बसणारा असेल तर पिस्तुलाचा आकार कापडावर उमटतो. म्हणून ढगळ शर्ट, शक्यतो गडद रंगाचा वा नक्षीचा. मोटारीत बसले की मूठ बरगडीत रुतते. उन्हाळ्यात घामाने धातूवर गंज चढतो, आणि खिशात ठेवावे तर कापडाचा भुसा आत जातो. होल्स्टर म्हणून जे आवरण विकत घ्यावे ते आठ दिवसांत टोचू लागते. मग दुसरे, मग तिसरे. अनेक घरांत नापसंत होल्स्टरांनी एक खण भरलेला असतो, असे हे लोक स्वतःच हसत सांगतात.

यापेक्षा महत्त्वाचा अनुभव नेमबाजीचा. पिस्तूल जितके हलके, तितका गोळी सुटतानाचा हिसका हाताला अधिक. नळी आखूड म्हणून नेम धरण्याच्या दोन खुणांमधले अंतर कमी, आणि म्हणून हाताची किंचित थरथरही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. वरचा सरकता भाग मागे ओढावयाचा तर आतली स्प्रिंग ताठ. संधिवात जडलेल्या म्हाताऱ्या बोटांना ते काम जिकिरीचे होते. चांदमारीच्या मैदानावर पन्नास गोळ्या झाडल्या की तळहात हुळहुळतो. परिणामी सराव कमी होतो. म्हणजे जे पिस्तूल बाळगण्यास सर्वांत सोपे, तेच चालविण्यास सर्वांत अवघड. आणि जे चालविण्यास सोपे ते जड म्हणून घरच्या कपाटात राहते. या पेचातून सुटण्यासाठी पुष्कळजण एकामागून एक पिस्तुले घेत जातात. पाचशे-सहाशे डॉलरचे पहिले, थोडे लहान असे दुसरे, आणि उन्हाळ्यासाठी आणखी तिसरे.

याखेरीज मनावरचे ओझे निराळेच. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. पेन्सिल्वेनियाचा परवाना घेऊन नदीवरचा पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलेला माणूस तेवढ्यानेच गुन्हेगार ठरू शकतो. न्यायालयात, शाळेच्या आवारात, विमानतळाच्या तपासणी नाक्यापलीकडे पिस्तूल नेता येत नाही. मग ते मोटारीत ठेवावे लागते, आणि मोटारीतून ते चोरीस जाण्याची भीती असते. पिस्तूल पुन्हा होल्स्टरमध्ये सारताना शर्टाचे टोक चापात अडकेल काय, घरी आल्यावर ते पोराबाळांच्या हाती लागेल काय, भांडण झाले तर आपल्याला राग आवरेल काय, या धास्तीने जबाबदार मालक सदैव सावध असतो. अनेकांचा प्रामाणिक अनुभव असा की, पिस्तूल बाळगू लागल्यापासून ते रस्त्यावरच्या वादावादीत पडत नाहीत आणि कोणी आगळीक केली तरी मुकाट्याने बाजूला होतात. ही त्यांची साक्ष खोटी मानण्याचे कारण नाही.

विसरण्याची सोय

परंतु या साऱ्या सुधारणांचे साध्य काय, असे विचारले तर उत्तर एकच मिळते: पिस्तूल अंगावर आहे याचा मालकाला विसर पडावा. ‘ते आहे असे जाणवतच नाही’ ही या मालाची सर्वांत मोठी शिफारस समजली जाते. नेमक्या याच गुणात त्याचा दोष दडलेला आहे. अमेरिकेच्या विमानतळांवरील तपासणी नाक्यांवर २०२३ या एका वर्षात ६,७३७ बंदुका-पिस्तुले पकडली गेली आणि त्यांपैकी सुमारे ९३ टक्के गोळ्यांनी भरलेली होती. सापडलेल्या माणसाचा नेहमीचा खुलासा असतो तो ‘पिशवीत आहे हे विसरलो’ असा, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. २०१५ साली तर खुद्द अमेरिकी संसद-भवनाच्या रक्षणासाठी नेमलेल्या पोलिसांची भरलेली पिस्तुले तेथील स्वच्छतागृहांत राहिल्याची प्रकरणे उजेडात आली. शस्त्र सांभाळणे हाच ज्यांचा पेशा, त्यांची ही गत. मग दिवसभर बिले तपासणाऱ्या हिशेबनिसाने काय करावे?

पेन विसरले तर पेन जाते, छत्री विसरली तर छत्री जाते. भरलेले पिस्तूल विसरले तर काय जाईल आणि कोणाचे जाईल, हे विसरणाऱ्याच्या हाती राहत नाही. अर्थशास्त्र खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च असा जो भेद करते, तो इथे पाठ्यपुस्तकातल्यापेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. कारखान्याचे मालक धूर आकाशात सोडतात आणि खोकला गावाच्या वाट्याला येतो, तसेच हे आहे. अकराशे ग्रॅमचे ओझे पाचशे ग्रॅमवर आले ते मालकाच्या कमरेवरचे. उरलेले ओझे नाहीसे झालेले नाही. ते त्याच्या मुलांवर, त्याच्या शेजाऱ्यांवर, बसमध्ये शेजारी बसणाऱ्या अनोळखी माणसावर, आणि रात्री मोटार थांबवून ‘परवाना दाखवा’ म्हणताना प्रत्येक हालचालीला दचकणाऱ्या पोलिसावर वाटले गेले आहे.

आकडे काय सांगतात?

याविरुद्धचा युक्तिवादही अर्थशास्त्रज्ञांनीच केला आहे, हे नमूद केले पाहिजे. कोणाजवळ पिस्तूल आहे हे कळत नसल्यामुळे गुन्हेगार सर्वांनाच वचकून राहतो. म्हणजे बाळगणाऱ्याचा फायदा न बाळगणाऱ्यालाही मिळतो, असा सिद्धान्त जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टार्ड यांनी १९९७ मध्ये आकडेवारीनिशी मांडला. त्यावर मोठे वादळ उठले. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये हा सारा पुरावा तपासून, अशा कायद्यांनी गुन्हे घटतात वा वाढतात यांपैकी कोणताच निष्कर्ष त्यातून ठामपणे निघत नाही, असा अभिप्राय दिला. पुढे स्टॅनफर्डचे जॉन डॉनह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असा कायदा झाल्यापासून दहा वर्षांनी त्या राज्यातील हिंसक गुन्हे, कायदा झाला नसता तर असते त्यापेक्षा १३ ते १५ टक्क्यांनी अधिक आढळले. वाद संपला आहे असे नाही. परंतु वचकाच्या सिद्धान्ताला पूर्वीचा भाव आज उरलेला नाही.

आत्मरक्षणासाठी पिस्तुलाचा उपयोग किती वेळा होतो, याविषयीचे अंदाजही असेच दोन टोकांना आहेत. १९९५ मधील एका गाजलेल्या पाहणीने हा आकडा वर्षाला २५ लाखांपर्यंत नेला. सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीतून मात्र तो लाखाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघतो. मृत्यूंच्या नोंदीत अशी तफावत नाही. अमेरिकेत २०२१ साली बंदुकांनी ४८,८३० माणसे दगावली आणि त्यांपैकी २६,३२८ जणांनी आत्महत्या केली होती. निम्म्याहून अधिक वेळा, परक्यापासून रक्षणासाठी घरात आलेले वा सहज हाती लागलेले शस्त्र घरच्याच माणसावर उलटले, असा याचा सरळ अर्थ आहे. दुःखाची लाट पुष्कळदा ओसरणारी असते. हाताशी असलेले शस्त्र तिला ओसरू देत नाही.

भीती खोटी नाही

एवढ्यावरून या लोकांना वेडे ठरविणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. २०२३ मधील एका प्रतिष्ठित पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी आत्मरक्षण हे आपले प्रमुख कारण सांगितले. रात्रपाळी संपवून निर्जन वाहनतळावरून एकटीने जाणारी परिचारिका, किंवा जिथे पोलीस पोहोचण्यास अर्धा तास लागतो अशा खेड्यात राहणारा शेतकरी यांची भीती काल्पनिक नसते. त्यात अमेरिकी न्यायालयांनीच सांगून ठेवले आहे की, अमुक एका नागरिकाचे रक्षण करण्यास पोलीस कायद्याने बांधील नाहीत. वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९८१ मध्ये हे म्हटले; आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूम मिळविलेल्या स्त्रीलाही तो पोलिसांनी अमलात आणावाच असा घटनात्मक हक्क सांगता येत नाही, असा निर्णय दिला. राज्यसंस्था ज्याच्या रक्षणाचा शब्द देत नाही, त्याने दुकानाची पायरी चढली तर दोष एकट्या त्याचा कसा म्हणावा?

मात्र दुकानात मिळते ते संरक्षण आणि गल्लीत लावलेला दिवा यांत मूलभूत फरक आहे. दिवा लागला की त्याचा उजेड लावणाऱ्याला मिळतो तसाच वाटसरूलाही मिळतो; एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याचा कमी होत नाही. पिस्तुलाचे तसे नाही. शेजाऱ्याने ते घेतले की आपण निःशस्त्र असल्याची जाणीव वाढते, म्हणून आपणही घेतो; मग दोघेही पूर्वीइतकेच असुरक्षित राहतात, फक्त गल्लीत दोन पिस्तुले वाढलेली असतात. २०१७ सालच्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेतील नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका होत्या, म्हणजे माणशी एकाहून अधिक. संरक्षण जर संख्येने वाढत असते, तर तो देश एव्हाना जगातला सर्वांत निर्भय देश ठरावयास हवा होता.

आपल्या दारातला प्रश्न

महाराष्ट्रातल्या वाचकाला हा विषय सातासमुद्रापलीकडचा वाटू नये. ज्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक आहेत, तेथे २०२२ पूर्वी सामान्य नागरिकाला असा परवाना जवळजवळ दुर्लभ होता. न्यायालयाच्या निर्णयानंतर तो आवाक्यात आला आहे. शिकण्यासाठी तिकडे गेलेल्या येथील मुलामुलींना बसमध्ये, बाजारात शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टाखाली काय आहे, हे माहीत नसते.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याची अट कडक ठेवली आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आहे. तरीही खाजगी संरक्षणाचा मोह येथेही डोकावून गेला आहे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे सव्वा लाख रुपये. रात्री शेवटच्या लोकलने घरी परतणाऱ्या परिचारिकेला किंवा दुकानातल्या मुलीला त्याचा काय उपयोग होता? तिला ते परवडणारे नव्हते. परवडले असते तरी गर्दीत खेचाखेचीत ते प्रथम कोणाच्या हाती गेले असते, हाही प्रश्नच आहे. तिच्या डब्यात रात्री उभा राहणारा पोलीस शिपाई तिच्याकडून वेगळे पैसे घेत नाही, आणि तो डब्यातल्या सर्वजणींचा असतो. तो नेमाने उभा राहील, स्थानकाबाहेरचा दिवा चालू राहील आणि तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रीला चौकीत खुर्ची मिळेल, यासाठी भांडणे हे पिस्तूल विकत घेण्याइतके सोपे नाही. त्याला वर्षे लागतात, कर भरावा लागतो आणि शेजाऱ्यांना बरोबर घ्यावे लागते.

अमेरिकेतल्या त्या गृहस्थाने हे भांडण सोडून दिले आणि सोपा मार्ग धरला. त्याच्या कारखानदारांनी त्याचे ओझे शक्य तितके हलके करून दिले, इतके की एके दिवशी विमानतळावर त्याची पिशवी थांबवली जाते आणि तो मनापासून म्हणतो, ‘अरेच्चा, हे आत होते होय!’ त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांना मात्र, दोन पावले मागे सरताना, त्या पाचशे ग्रॅमचे पुरते वजन जाणवलेले असते.